कर्ज फिटलं, बोजा राहिला

धुणीभांडी आटोपून कुणी रेडिओजवळ बसली असाल, कुणी खुरपता खुरपता मोबाइलवर ऐकत असाल. आज मी बचतीबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. कर्ज संपल्यावर काय होतं, त्याबद्दल बोलणार आहे. कर्ज घेताना आपल्याला सगळे समजावून सांगतात. थकलं की रोज कुणीतरी दारात येतं. पण कर्ज मिटल्यावर मात्र कुणी येत नाही, आणि कितीतरी घरांची अडचण तिथूनच सुरू होते.

हा विषय मला सुचला तो एका वहिनीमुळे. शेजारच्या गावातल्या गटात ती आहे. नाव सांगत नाही, ती आत्ता ऐकत असेल. तिच्या नवऱ्याने कोंबड्यांच्या दोन शेड टाकल्या होत्या. त्यासाठी जमीन गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढलं, खाद्यासाठी पतसंस्थेचं घेतलं, वरून पाव्हण्यारावळ्यांचे हातउसने. धंदा बसला. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने जिल्ह्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज दिला. बैठक संपल्यावर वहिनी मागं थांबली आणि म्हणाली, "ताई, यांनी नादारी दिली. आता कुणाचं काही देणं नाही म्हणतात. मग घर आन् जमीन आपल्याच नावावर राहिली ना?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी बी. ए. झालेय, पण कायद्याची नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. मग आम्ही दोघी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या वकील मॅडमनी तासभर बसून सांगितलं. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते.

नादारी म्हणजे, माझ्याकडे देणं फेडण्याइतकं काही उरलेलं नाही, असं माणसाने कोर्टाला सांगायचं आणि कोर्टाने ते तपासून जाहीर करायचं. आपल्याकडे त्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. मुंबई शहराचा वेगळा आहे. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला हे खरं, पण तुमच्याआमच्यासारख्या माणसाच्या घरगुती कर्जाचा त्यातला भाग अजून चालू झालेला नाही. जुना कायदा किती जुना, तर देणं पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो असं त्यात लिहिलंय. १९२० साली पाचशे रुपयांना केवढी किंमत असेल बघा.

तर पहिली गोष्ट, अर्ज दिला म्हणजे माणूस नादार झाला असं नाही. कोर्टाचा हुकूम व्हावा लागतो. आणि हुकूम झाला की लगेच देणं संपत नाही. उलट त्या दिवसापासून त्याची मालमत्ता कोर्टाच्या नाहीतर कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हातात जाते. रिसीव्हर ती विकून ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांना वाटून देतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पुन्हा अर्ज करून मुक्ततेचा हुकूम मिळवायचा असतो. तो मिळेपर्यंत त्याच्या नावावर नवं काही आलं, समजा सासरे वारले आणि वाटणीची जमीन त्याच्याकडे आली, तरी तीही रिसीव्हरकडेच जाते. वहिनीला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं, कोर्टाचा शिक्का बसला की पाटी कोरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जे कर्ज जमीन गहाण ठेवून घेतलंय, त्याच्या गहाणाला नादारीने धक्का लागत नाही. शेडची जमीन बँकेकडे गहाण आहे, ती बँकेकडे गहाणच राहते. माणूस नादार झाला, तरी जमिनीवरचा बँकेचा हक्क तसाच. वहिनी म्हणाली, "म्हणजे माणूस सुटतो आन् जमीन अडकते?" मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर बोललीस.

मग वहिनीने पदराची गाठ सोडावी तशी एकेक गोष्ट बाहेर काढली. मागच्या वर्षी नवऱ्याने एक एकर तिच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं होतं. गावात सगळे असंच करतात ना, बँकेचा माणूस यायच्या आधी बायकोच्या नावावर. मॅडमनी कपाळाला हात लावला. नादारीचा अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत असं फुकट दिलेलं काही असेल, तर रिसीव्हरला ते रद्द करून मागता येतं. खरा पैसा देऊन कुणी प्रामाणिकपणे विकत घेतलं असेल तर त्याला धक्का नाही. पण बायकोला दिलेलं बक्षीस उघडं पडतं. म्हणजे तिच्या नावाचा सातबारा तिच्या हातात आहे आणि तरी ती जमीन तिची राहील की नाही, सांगता येत नाही.

आणि पतसंस्थेच्या कागदावर जामीनदार म्हणून सही कुणाची? तिचीच. नवऱ्याला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. पतसंस्था उद्या तिच्याकडे येऊ शकते. बायांनो, "इथं सही कर" म्हटल्यावर आपण सही करतो. त्या सहीचं आयुष्य नवऱ्याच्या कर्जापेक्षा मोठं असतं.

थोडी बरी बातमीही होती. तिच्या माहेराहून तिच्या नावावर आलेली बारा गुंठे जमीन तिची स्वतःची आहे, नवऱ्याच्या नादारीत ती जात नाही. आणि शेतकऱ्याच्या राहत्या घरावर, शेतीच्या अवजारांवर, बैलांवर, बियाण्यावर जप्ती येत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, आणि धर्माप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, हेही जप्त करता येत नाही. मंगळसूत्राचं ऐकल्यावर वहिनीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मात्र घरच गहाण लिहून दिलं असेल, तर त्याची गोष्ट वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, नादारी हजारात एखादा देतो, आम्हाला काय त्याचं? खरं आहे. पण वहिनीच्या डोक्यात जो घोळ होता तो घरोघर आहे. आपल्याला वाटतं, देणं मिटलं म्हणजे जमीन मोकळी झाली. तसं होत नाही. देणं लिहिलेलं असतं बँकेच्या वहीत. मालकी लिहिलेली असते तलाठ्याच्या वहीत. एका वहीत रेघ मारली म्हणून दुसऱ्या वहीत आपोआप मारली जात नाही. या वहीतून त्या वहीत निरोप कुणीतरी न्यावा लागतो. आणि तो नेणारं बहुतेक वेळा कुणी नसतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच घरात घडलंय, आणि चूक माझी होती.

२००९ साली माझ्या वडिलांनी विहिरीपासून वरच्या शेतापर्यंत पाइपलाइन टाकली, त्यासाठी एका बँकेचं कर्ज घेतलं. दोन गट नंबर गहाण दिले. सुरुवातीचे हप्ते गेले, मग सलग दोन वर्षं पाऊस नाही, हप्ते थकले. २०१३ ला वडील गेले. बँकेच्या नोटिसा आईच्या नावाने यायला लागल्या. २०१६ ला बँकेने तडजोडीची योजना काढली. व्याजाचा मोठा भाग सोडून एकरकमी भरायचं. आमचा आकडा निघाला एक लाख बारा हजार. आईने तिची बोरमाळ मोडली, एक गाय विकली, उरलेले मामाने दिले. मी आईबरोबर बँकेत गेले. साहेबांनी पावती दिली, पावतीवर शिक्का. मी ती मोठ्याने वाचून आईला दाखवली, "खाते बंद" असं लिहिलंय म्हणून. आईने ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली. मला वाटलं, झालं. गटाच्या बायांना मी हिशेब शिकवते, आणि घरच्या सातबाऱ्याचा उतारा काही काढून बघितला नाही.

२०२२ ला भावाचा अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं, सळई घालायची होती, पैसे लगेच हवे होते. आईने ठरवलं, रस्त्याकडचा एक एकर विकायचा. घेणारा गावातलाच होता, भाव ठरला, इसाऱ्याचे पैसे घेऊन तो आला. त्याने सातबारा काढलेला होता. तो कागद त्याने आमच्या ओट्यावर ठेवला आणि "इतर अधिकार" या रकान्यावर बोट ठेवलं. बँकेचा बोजा तिथं होता. सहा वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज जसंच्या तसं, पूर्ण रकमेसह. आणि वर मालकाच्या जागी वडिलांचं नाव. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आई म्हणाली, "पावती हाय ना आपल्याजवळ." डबा काढला, पावती दाखवली. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आक्का, मला माहितेय तुम्ही फेडलंय. पण कागद बोलत नाही तसं. बोजा निघेपर्यंत थांबतो, नाहीतर दीड लाख कमी देतो." दवाखाना थांबत नव्हता. शेवटी मी माझ्या गटातून उचल घेतली, मामाने पुन्हा मदत केली, आणि ऑपरेशन झालं. त्या माणसाने दोन महिने वाट बघून दुसरीकडे जमीन घेतली. ती उचल फेडायला मला अडीच वर्षं लागली.

बोजा काढायला किती दिवस लागले, तेही ऐका. ज्या शाखेत पैसे भरले ती शाखा दुसऱ्या शाखेत मिसळून गेली होती. जुन्या फाइली जिल्ह्याला. तीन चकरा झाल्यावर पत्र मिळालं. पत्र घेऊन तलाठी भाऊसाहेबांकडे गेले, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, यात एकच गट नंबर आहे, बोजा दोन गटांवर आहे. परत बँकेत. दुसरं पत्र आणलं तर भाऊसाहेब म्हणाले, खातेदार मयत आहे, आधी वारस नोंद करा. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. आईचं, माझं, भावाचं, धाकट्या बहिणीचं. ती नोंद झाली, मग बोजा कमी करायचा फेरफार. सगळं मिळून पाच महिन्यांवर गेलं. यात कुणी पैसे मागितले नाहीत, हेही सांगायला हवं. नुसता वेळ गेला, आणि वेळच आमच्याकडे नव्हता.

म्हणून आता मी प्रत्येक गटात सांगते की कर्जाचा शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी काम संपलेलं नसतं. बँकेतून निघायच्या आधी येणे बाकी नसल्याचा दाखला मागा. कुठं त्याला बेबाकी म्हणतात, कुठं निल दाखला. त्याच्याबरोबर तलाठ्याच्या नावाने बोजा कमी करण्याचं पत्र मागा. त्या पत्रात गहाण दिलेला प्रत्येक गट नंबर आणि सातबाऱ्यावर दिसणारा बोजाचा फेरफार क्रमांक आलाय का, तिथंच उभं राहून बघा. सोबत सातबारा न्या म्हणजे जुळवता येतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, आपल्या सेवा केंद्रात काढून मिळतो. सातबारा निघाला की ८ अ चा उतारा पण काढा, त्यात तुमच्या खात्याचे सगळे गट एका ठिकाणी दिसतात. आमच्यासारखा एक गट सुटणार नाही.

पत्र तलाठी कार्यालयात दिलं की पोच घ्या. हल्ली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, माणूस तोच. ई-हक्क म्हणून ऑनलाइन सोय आहे, त्यातूनही बोजा कमी करण्याचा आणि वारस नोंदीचा अर्ज करता येतो. मग फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. फेरफार धरला म्हणजे झालं असं समजू नका, मंजूर होईपर्यंत बोजा तिथंच असतो. मंजूर झाल्यावर पुन्हा सातबारा काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रद्द झालेली नोंद कंसात टाकलेली नाहीतर आडवी रेघ मारलेली दिसते. पहिल्यांदा बघणारीला ती नोंद अजून तशीच आहे असं वाटून धसका बसतो. आमच्या आईला बसला होता.

आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गहाणखत नोंदवून कर्ज घेतलं असेल, तर नुसत्या पत्राने भागत नाही. गहाण सोडवल्याचा दस्तही तिथं नोंदवून घ्यावा लागतो. नाहीतर पुढं कुणी जमिनीचा शोध घेतला की ते गहाण जिवंतच दिसतं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आम्हीच करायचं, मग बँकेने काय करायचं? बँकेवरही बंधन आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये हुकूम काढलाय. कर्ज पूर्ण फिटलं किंवा तडजोडीने मिटलं, की तीस दिवसांच्या आत मालमत्तेचे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे, आणि सरकारी, खाजगी, जिल्हा सहकारी, नागरी सहकारी अशा सगळ्या बँकांना लागू आहे. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे, याचीही रीत बँकेने ठरवून ठेवायची आहे. आमच्या वेळी हा हुकूम नव्हता. तुमच्या वेळी आहे. साहेब "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले की या हुकमाचं नाव घ्या आणि अर्ज लेखी द्या, पोच घेऊन. तोंडी मागितलेल्याचा दिवस कुणी मोजत नाही.

गावच्या सोसायटीचं थोडं वेगळं आहे. सोसायटी पीककर्ज देते तेव्हा आपण इकरार करून देतो, आणि सहकार कायद्याने त्या इकराराचा बोजा जमिनीवर चढतो. तो असताना परवानगीशिवाय जमीन विकली तर तो व्यवहारच रद्दबातल ठरू शकतो. पीककर्ज दरवर्षी नवंजुनं होतं, म्हणून तो बोजा वर्षानुवर्षं राहतो आणि त्यात गैर काही नाही. पण सोसायटीचं कर्ज कायमचं बंद केलं असेल, तर सचिवाकडून दाखला घेऊन बोजा उतरवून घ्यायचा. सचिव दाद देत नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जायचं.

कर्जमाफीतही हाच घोटाळा झालाय. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. ज्यांना मिळाली त्यांच्या खात्यातली बाकी शून्य झाली, पण सातबाऱ्यावरचा बोजा कुणी उतरवला? आमच्या भागात एका गटातल्या सतरा बायांनी एकाच दिवशी सातबारे काढून बघितले. सहा जणींच्या घरी मिटलेल्या कर्जाचा बोजा निघाला. एकीच्या सातबाऱ्यावर तर आजेसासऱ्यांच्या वेळची तगाई होती, आणि बंडिंगचा बोजा. ज्यांनी ते बांध घातले ती माणसंही आता नाहीत.

तडजोडीबद्दल आणखी एक सांगते, कारण हे माझ्या आईलाही नडलं. पूर्ण फेडलेलं कर्ज आणि तडजोडीने मिटवलेलं कर्ज, या दोन्हींची नोंद सिबिलमध्ये वेगवेगळी होते. तडजोडीच्या खात्यापुढे तसा शेरा पडतो. नव्या कर्जाला गेलं की तो शेरा बँकेला दिसतो. म्हणून तडजोड करूच नका असं मी म्हणणार नाही. गळ्याशी आल्यावर तीच एक वाट असते. पण साहेबांना आधीच विचारा, माझ्या नावापुढे काय लिहिणार, आणि उत्तर ऐकून मग भरा.

ज्यांचे मालक गेलेत त्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. नवऱ्याच्या कर्जापायी कुणी तुमच्या मजुरीतून, तुमच्या गटाच्या बचतीतून वसुली मागत असेल, तर घाबरू नका. वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर त्यापलीकडे तुमच्याकडून मागता येत नाही. पण वारशाने आलेल्या जमिनीवर बोजा असेल तर तो बोजा घेऊनच ती जमीन तुमच्याकडे येते. म्हणून दिवस उरकले, माणसं पांगली, की वारस नोंद करा. दीर, पुतण्या "घाई काय आहे" म्हणतील. घाई आहे. गेल्या माणसाच्या नावावर सातबारा असेपर्यंत बोजा उतरत नाही, कर्ज मिळत नाही, पीकविम्यालाही खोळंबा. २०२५ साली सरकारने जिवंत सातबारा नावाची मोहीमच काढली होती, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. तेव्हा ज्यांचं राहिलं, त्यांनी आता अर्ज द्यावा.

सावकाराचं राहिलंच. काही सावकार कर्ज देताना गहाणखत करत नाहीत, सरळ खरेदीखत करून घेतात. पैसे परत दिले की जमीन परत देतो म्हणतात. पैसे परत जातात, खरेदीखत तसंच राहतं. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. कर्जापोटी अशी जमीन सावकाराकडे गेली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, पंधरा वर्षांपर्यंत मागचा व्यवहार ते तपासू शकतात, आणि खात्री पटली तर जमीन परत द्यायचा हुकूम करू शकतात. हा विषय मोठा आहे. त्यावर वकील मॅडमनाच एकदा इथं बोलवायचं ठरलंय, म्हणून आज एवढंच.

वहिनीचं पुढं काय झालं, ते विचाराल. अजून काही झालेलं नाही. कोर्टात तारीख आहे. वकील मॅडमच्या सांगण्यावरून तिने बक्षीसपत्राची गोष्ट लपवली नाही, आपल्या वकिलाला सांगून टाकली. पतसंस्थेला तिने स्वतः लेखी विचारलं की जामीनदार म्हणून माझ्याकडे किती येणं आहे. आलेला आकडा ती समजत होती त्याच्या निम्मा निघाला, बाकीचं नवऱ्याने आधीच भरलेलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं. तेवढ्याचे हप्ते बांधून मागितलेत. तिला वकील फुकट मिळालाय. बाई असली की उत्पन्न किती हे न बघता सरकारी वकील मिळतो, हा आपला हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती विचारायची, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन लावायचा.

आमच्या गटांची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आहे. त्या दिवशी बचतीच्या वहीबरोबर प्रत्येकीने घरच्या जमिनीचा ताजा सातबारा आणि ८ अ आणायचा. कर्ज फेडल्याच्या पावत्या कुठं ठेवल्यात तेही आजच शोधून ठेवा, डब्यात, पेटीत, गादीखाली, जिथं असतील तिथं. आपण एकमेकींचे उतारे वाचू. आणि चष्मा विसरू नका, इतर अधिकारातली अक्षरं फार बारीक असतात.